पेशकारसाहेबांची उमेदवारी

"नाव त्र्यंबक, वल्द गोविंद, उमर अठ्ठावन्न, पेशा साबिक पेशकार, साकिन काचीगुडा, असल वतन मौजे बोरगव्हाण, जिल्हा परभणी."

पानाच्या ठेल्यासमोर मागून आणलेल्या टेबलावर उभे राहून पेशकारसाहेब ओरडत होते. आवाज असा, की तिकडे स्टेशनात मनमाडच्या गाडीची शिट्टी झाली समजून चार उतारू पळत सुटले. ड्रायव्हरनं तर गाडी हलवलीच होती, गार्डानं आवरला म्हणून. गर्दी तीस-चाळीस माणसांची. त्यांतला एक टांगेवाला घोड्याच्या पाठीवर हात ठेवून शांतपणे म्हणाला, "परभनी तो बंबई में चली गई साब. आप कायकू रै गए?"

लोक हसले. पेशकारसाहेब हसले नाहीत. त्यांनी घसा खाकरला आणि बयान पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

हैदराबाद राज्याचे नुकते तीन तुकडे झाले होते. मराठी जिल्हे मुंबईकडे गेले, कानडी म्हैसुराकडे, आणि आम्ही शहरातली मराठी माणसं आंध्रात. जागचे बोटभर हललो नव्हतो, तरी परमुलखात जाऊन पडलो. अशात म्युनिसिपालटीची निवडणूक आली आणि आमच्या वॉर्डातून पेशकारसाहेब अपक्ष उभे राहिले. मला म्हणाले, "एक जागा पाहिजे रे वसंता, एकच. मग कायकू रै गए म्हणून कुणी विचारणार नाही. विचारलंच तर नळाला पाणी का नाही, एवढंच विचारतील."

पेशकार म्हणजे कोर्टात मुन्सिफापुढं कागद ठेवणारा, साक्षीदाराचं बयान उतरवून घेणारा. तीस वर्षं त्यांनी तेच केलं; आता साबिक, म्हणजे माजी. नाव, बाप, वय, धंदा, राहणार आणि मूळ गाव, या सहा गोष्टी सांगितल्याशिवाय माणूस पुरा होतो हे त्यांना मान्यच नव्हतं. लग्नात उखाणा घ्यायला सांगितलं तर त्यांनी नवरीचं नाव, तिच्या बापाचं नाव आणि तिचं वय सांगून टाकलं. वय खरं सांगितलं म्हणून सासरे आठ वर्षं बोलले नाहीत, असं काकू, म्हणजे तीच नवरी, सांगत. मी काकूंना विचारलं, आणि नवव्या वर्षी? काकू म्हणाल्या, नवव्या वर्षी वारले.

आता गंमत अशी, की हे बोरगव्हाण पेशकारसाहेबांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्या आजोबांचे आजोबा तिथून निघाले ते हैदराबादेला आले. परभणीची गाडी घरापासून दोनशे पावलांवरून रोज सुटायची. हे तिच्या शिट्टीवर घड्याळ लावायचे, पण डब्यात पाय ठेवला नाही. तरी आपल्या लोकांची रीतच अशी, की मूळ गाव सांगितल्याशिवाय पाण्याचा पेलासुद्धा हातात घेत नाहीत.

मी म्हटलं, "साहेब, तेवढं गाव गाळा. साकिन काचीगुडा म्हणायचं आणि थांबायचं."

"बयान अधुरं राहतं. उद्या उलटतपासणी झाली तर?"

"मतदार उलटतपासणी करत नाहीत."

"तेच त्यांचं चुकतं."

समोरचा उमेदवार कोपऱ्यावरचा तांदळाचा व्यापारी होता. तो टेबलावर चढला, "मैं कोने पे का चावलवाला, सब को मालूम," म्हणाला आणि उतरला. टाळ्या त्यालाच पडल्या.

बोरगव्हाण निदान मराठी घरांत तरी कामी येईल असं मला वाटलं होतं. तिथं तर ते जास्तच नडलं. बीदरकडचे म्हणाले, परभणीवाल्याला मत देऊन आमचं काय भलं होणार. उस्मानाबादचे म्हणाले, आमचा माणूस उभा राहिला असता तर बघितलं असतं. त्यांचा माणूस कोण, हे त्यांनाही माहीत नव्हतं. एका घरात आजीबाई आतूनच कडाडल्या, "बोरगव्हाणला आमची चुलतबहीण दिली होती. नांदवली नाही मेल्यांनी." जे गाव डोळ्यांनी पाहिलं नाही, तिथल्या कुठल्याशा सासूच्या पापापायी त्या घरची पाच मतं पेशकारसाहेबांच्या खात्यातून गेली.

मी सरकारी कारकून, मला प्रचाराला मनाई. म्हणून मी त्यांच्यामागे दहा पावलं अंतर ठेवून, जणू भाजी आणायला निघालोय असा चालायचो. तीन आठवडे रोज भाजी. पण मत माझं आणि माझ्या बायकोचं पक्कं, असा शब्द मी त्यांना त्यांच्या देवघरासमोर दिला होता. कुणी न मागता दिला होता.

आणि मग ते फॉर्म आले. सरकारी नोकरांनी लिहून द्यायचं, की इथं राहता की मुंबई राज्यात जाता. पेशकारसाहेबांचं अक्षर म्हणजे मोत्यांनी हेवा करावा असं. वॉर्डातला एकही अर्ज त्यांच्या हाताशिवाय कचेरीत गेलेला नव्हता. ते मत मागायला दारात उभे राहायचे, सहा कलमी बयान द्यायचे, आणि घरमालक म्हणायचा, "मत तुम्हालाच हो. बसा की. आलाच आहात तर हा एवढा कागद..." पेशकारसाहेब बसायचे. टाक काढायचे, शाई मागायचे. 'मुंबई राज्यात जाण्यास राजी आहे' हे वाक्य ते असं वळणदार लिहायचे, की वाचणाऱ्याला सामान बांधावंसं वाटे. आपलं मत आपल्याच हातानं गाडीत बसवून देणारा दुसरा उमेदवार मी पाहिला नाही.

एकदा मी चिडून विचारलं, "यांना तुम्ही लिहून का देता? सांगा, निवडणूक झाल्यावर या."

"मुदत टळेल त्यांची," ते म्हणाले, "आणि ते स्वतः लिहितील. मग झालं."

आता माझं सांगतो, लपवून उपयोग नाही. मीही फॉर्म भरला होता. मागे दहा पावलं चालत असतानाच भरला होता. पेशकारसाहेबांना कसा दाखवणार? म्हणून कोर्टाच्या फाटकाशी बसणाऱ्या एका टंकलेखकाकडून चोरून करून घेतला. तो गाढव निघाला. बापाच्या जागी माझं नाव, माझ्या जागी कचेरीचं. फॉर्म परत आला.

मतदानाच्या दिवशी पेशकारसाहेब यादी घेऊन सकाळपासून दारोदार फिरले. यादीत नावं होती, दारांना कुलपं होती. माणसं औरंगाबादला, नांदेडला, पुण्याला हजर होऊन बसली होती. एका कुलपासमोर ते थांबले आणि सवयीनं बयान सुरू करून बसले, असं शेजारच्या तेलुगू बाईंनी मला सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, पूर्ण म्हणून झाल्यावरच निघाले.

मी तेव्हा तिथं नव्हतो. बायकोला माहेरी पोचवलं होतं, आणि स्वतः बेगम बाजारातून दोन शेर पेढे घेऊन हेडक्लार्कच्या घरी बसलो होतो, फॉर्म पुन्हा घेता का म्हणून विचारत. त्यानं पेढे ठेवून घेतले आणि "नवीन लिहून आणा, नीट," म्हणाला. परत आलो तेव्हा शाळेतल्या मतपेट्यांना लाखेची मोहोर लागत होती.

पेशकारसाहेबांनी जेवढे अर्ज लिहिले होते, त्याच्या निम्मीसुद्धा मतं त्यांना पडली नाहीत. अनामत गेली. चावलवाला स्वतः हार घेऊन घरी आला, त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "साब, आप बडे आदमी हैं." त्या वाक्यानं त्यांना जेवढं लागलं तेवढं पराभवानं लागलं नसावं.

आठवडाभर मी तोंड लपवलं. मग परत आलेला फॉर्म नव्यानं द्यायला हेडक्लार्कनं दिलेली मुदतही संपत आली. शहरात नीट लिहिणारा एकच माणूस उरला होता, तेव्हा गेलो. त्यांनी टंकलेखकाचा कागद दोन बोटांत धरून पाहिला, मेलेलं झुरळ धरावं तसा.

"कुणाचं हे?"

"माझं."

"ते दिसतंय. लिहिलं कुणी?"

मी सांगितलं. त्यांनी टाक काढला. काकूंनी न सांगता शाई आणून ठेवली आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. पेशकारसाहेबांनी माझं नाव लिहिलं, वडलांचं लिहिलं, मराठवाड्यातलं माझं गाव मला न विचारता लिहिलं. एक खाडाखोड नाही. मला ते सहन होईना. काहीतरी मोठं बोलावं म्हणून मी म्हणालो, "साहेब, आम्ही सगळे पळपुटे निघालो. तुम्ही एकटे या शहराला धरून राहिलात. सगळे मुंबई लिहीत असताना तुम्ही तसं लिहिलं नाहीत."

त्यांनी कागदावर फुंकर मारली आणि माझ्यापुढं सरकवला.

"रिटायर माणसाला फॉर्म नव्हता," ते म्हणाले.