चाळीस गुंठ्यांचा एकर : श्रीगोंद्याची दोन दिवसांची फेरी

पुण्याहून श्रीगोंद्याकडे जायचं असेल तर शनिवारी जा. काष्टीचा जनावरांचा बाजार वाटेत लागतो आणि तो चुकवू नये. आता दौंडमार्गे गाडीने अडीच तास पुरतात. आम्ही गेलो ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, कोळशाच्या इंजिनाच्या पॅसेंजरने, आणि सकाळची दुपार झाली.

आम्ही म्हणजे तिघे. मी एका दैनिकात उपसंपादक. माझी धाकटी बहीण मालती, पुण्यातल्या एका कारखान्याच्या संगणक विभागात यंत्राला आकडे भरवायच्या कार्डांना भोकं पाडायच्या कामावर. आणि त्याच विभागातले प्रोग्रॅमर वसंतराव. श्रीगोंद्याच्या बाजूच्या एका साखर कारखान्याला ऊसतोडणीची यादी या विभागाच्या यंत्रावर पैसे देऊन करून हवी होती : कुणाचा ऊस कधी तोडायचा, कोणत्या गावाला किती टोळ्या लागतील. मालतीने प्रोग्रॅम लिहिण्याचं काम मागून घेतलं होतं. यादी पसंत पडली तर तिची प्रोग्रॅमर म्हणून नेमणूक होणार होती. नाहीतर पुन्हा भोकं पाडायची खोली. विभागाच्या साहेबांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. मी लेख मिळेल म्हणून सोबत निघालो.

दौंडला गाडी बदलली. फलाटावर भजी आणि चहा, तिघांचा मिळून सव्वा रुपया. मनमाडकडच्या गाडीत बसल्याबरोबर दोघांचा नेहमीचा वाद सुरू झाला. मालतीने यादी कोबोल या यंत्राच्या भाषेत केली होती. पडताळा म्हणून वसंतरावांनी तीच फोर्ट्रान या दुसऱ्या भाषेत केली होती.

"तुझ्या कोबोलात साधी बेरीज करायची तर यंत्राला अर्ज लिहावा लागतो," वसंतराव म्हणाले.

"अर्ज निदान वाचता येतो. तुमचं फोर्ट्रान महिन्याने तुम्हालाच वाचता येत नाही."

मग गाडी कंपन्यांवर आली. अमेरिकन कंपनी यंत्र विकत देत नाही, भाड्यानेच देते, तेही तिकडे वापरून जुनं झालेलं, यावर वसंतरावांचा राग. विलायती कंपनीचं घेतलं तर दुरुस्तीला माणूस कधी येईल याचा भरवसा नाही, हे मालतीचं उत्तर. समोर काष्टीला निघालेले एक बैलांचे व्यापारी बसले होते. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

"इकायला न्हाई, नुसतं भाड्यानं? आन् त्येबी दात न बघता?" ते म्हणाले. "आमच्या बाजारात या. बैलाचं तोंड उघडून वय दावतो."

काष्टीला उतरलोच. बाजारात धूळ, घुंगरं आणि रुमालाखाली बोटं धरून चाललेले सौदे. तासाभराने एसटीने पुढे निघालो. कारखान्याच्या विश्रामगृहात पिठलं, बाजरीची भाकरी आणि काकवी मिळाली. काकवी भाकरीबरोबर खाऊन पाहा, गुळाची आठवण येणार नाही.

हंगाम तोंडावर आल्याने कारखान्याला रविवारची सुट्टी नव्हती. चार वाजता शेतकी अधिकाऱ्यांपुढे यादी ठेवायची होती. सकाळी त्यांनी भानुदास नावाच्या शेतकी मदतनिसाला आमच्याकडे पाठवलं. पन्नाशीचा माणूस, पंधरा वर्षं ऊस मोजत बांधांवरून फिरलेला.

"दोन वेगळ्या भाषांत केलं," मालती त्याला अभिमानाने सांगत होती, "आणि आकडा न् आकडा जुळला. म्हणजे चूक असणं शक्य नाही."

भानुदासने लांबलचक कागद व्हरांड्यात उलगडला आणि बोट फिरवत खाली गेला. एका ओळीवर थांबला.

"ताई, ह्ये गंगूबाईचं दोन तुकडं. एक एकर पस्तीस गुंठं, आन् दुसराबी तेवढाच. बेरीज काय लिवलीया?"

"दोन पॉइंट सत्तर."

"दोन एकर सत्तर गुंठं?" तो हसला नाही, ते बरं झालं. "सत्तर गुंठं कुठं असत्यात? चाळीस झालं की एकर पुरा हुतो. ह्ये पावनेचार एकर हाय."

कारखान्याच्या नोंदवहीत १.३५ लिहिलं होतं आणि दोघांनीही तो दशांश धरला होता. कारखान्यात कुणी सांगितलं नव्हतं, कारण इथे ते सांगावं लागतच नाही. प्रत्येक गावाचं क्षेत्र कमी भरलं होतं. त्या हिशेबाने टोळ्या बोलावल्या असत्या तर त्या कमी पडून हंगाम सरला तरी ऊस रानात वाळत राहिला असता.

वसंतराव हळू आवाजात म्हणाले, "आज यादी दाखवू नये. तब्येतीचं कारण सांगू."

"कारण नको," मालती म्हणाली. "भानुदासभाऊ, तुम्ही गुंठे वाचा. दादा, तू एकर मांड. वसंतराव, तुम्ही बेरीज करा. अकरा गावं आहेत. चारपर्यंत होतील."

जेवण राहिलं. वर्तमानपत्राची वेळ गाठायची मला सवय होती, पण असा हात मी तिथेही चालवला नव्हता. पावणेचारला अकरावं गाव संपलं.

चार वाजता मालती अधिकाऱ्यांपुढे उभी राहिली. "साहेब, छापलेली यादी चुकीची आहे. चूक ही. हाताने केलेली दुरुस्ती ही. गुरुवारी नवी यादी आणून देते."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "दोघांनी केलं म्हणे. दोघेही चुकलात?"

"दोघांनाही गुंठा माहीत नव्हता. भाषा कोणती घेतली याने फरक पडला नाही."

त्यांनी दोन गावांच्या बेरजा स्वतः करून पाहिल्या. मग म्हणाले, "गुरुवारी आणा. पण छापायच्या आधी भानुदासला दाखवायची. तो येईल पुण्याला."

मंगळवारी भानुदास धुतलेलं धोतर नेसून आमच्याबरोबर यंत्राच्या थंडगार खोलीत उभा होता. "एवढं मोठं कपाट," तो म्हणाला, "आन् गुंठा म्हाईत न्हाई!" मग खुर्ची ओढून त्याने कच्च्या यादीत गंगूबाईची ओळ आधी शोधली. पावणेचार एकर. यादी गुरुवारी पोचली आणि पुढच्या महिन्यात मालतीला प्रोग्रॅमरची जागा मिळाली. तिने तीस वर्षं ते काम केलं.

परवा तिच्याकडे जेवायला होतो. तिची नात सई शेतकऱ्यांसाठी मोबाईलवरचं ॲप करते आहे. भाषा कोणती घ्यावी, कोणत्या कंपनीचं क्लाउड घ्यावं, यावर सई आणि तिचा मित्र तासभर भांडत होते. मी वसंतरावांची आठवण काढत वरण वाढून घेतलं.

"ज्यांच्यासाठी करताय, त्यांच्याकडे जाऊन आलात?" मालतीने ताटं उचलताना विचारलं.

"ऑनलाइन मीटिंग झाली, आजी."

"शनिवारी सहाला निघू," मालती म्हणाली. "काष्टीचा बाजार असतो. मीही येते."