माहेरची खूण

लिंबाजी धनगराला माणसं आवडत नसत. पाटील त्याच्या लेखी पोटभरू, व्याही बावळट, बायको नागूबाई जन्माची रडकी. निजामाचा कारकून येरमाळ्याजवळच्या त्याच्या वस्तीवर आला, तरी मेंढ्याला औषध पाजल्याशिवाय लिंबाजी मान वर करत नसे. पण या सगळ्यांना वाटून उरलेली तुच्छता त्यानं एकुलत्या एका लेकासाठी राखून ठेवली होती.

लेकाचं नाव सिदू. मेंढरांमागं उन्हातान्हात हिंडायला वाघ, पण हातात नाणं पडलं की गडी कामातून गेलाच. येडेश्वरीच्या जत्रेत बापानं त्याला मेंढा विकायला धाडलं. त्यानं विकला, ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना जिलबी चारली आणि उरल्या पैशात आरसा घेऊन घरी आला.

"बघ त्यात. गाढव कसं दिसतंय ते कळंल," लिंबाजी म्हणाला.

सिदूनं खरंच बघितलं आणि हसला. त्या हसण्यात लिंबाजीला पुढचं सगळं दिसलं. आपण डोळे मिटले की हा दिवटा सगळी मेंढरं फुंकून टाकणार आणि नातवंडं दुसऱ्याच्या मेंढरांमागं पळणार, ही धास्ती त्याला बसली ती बसलीच.

कुणी म्हणालं, कळंबला जाऊन वकिलाकडून कागद करून घ्या. "कागद तर शेळीबी खाती," लिंबाजी फिसकन हसला. त्याच्यापाशी त्याहून पक्की युक्ती होती. धनगराच्या दर घराची मेंढराच्या कानावर आपली खूण असते. लिंबाजीची खूण उजव्या कानाला चीर. सून जगदेवी हिच्या माहेरची डाव्या कानाला खाच. त्या हंगामात जन्मलेल्या प्रत्येक कोकराचा त्यानं डावा कान कातरला आणि येरमाळ्याच्या बाजारात उभं राहून ओरडून सांगितलं,

"डाव्या कानाला खाच आसंल ते जनावर माझ्या सुनंचं! ती सोता हो म्हनल्याबिगर कुनी हात लावायचा न्हाय. माझ्या येड्यानं आनलं, तर त्याच्या कानाखाली वाजवा!"

बाजार पोट धरून हसला. सिदू तिथंच उभा होता. तोही हसला, पण खाली बघून.

जगदेवीला कुणी विचारलंच नव्हतं. पटका अडकवताना खुंटीला कोण विचारतं?

युक्ती लागू पडली. जुनी मेंढरं विकली, मेली. नवी सगळी डाव्या कानाची. सिदूनं एक-दोनदा मेंढरू बाजारात नेलं आणि तसंच माघारी आणलं. लिंबाजी नाकानं कांदे सोलत वस्तीभर फिरू लागला. अख्ख्या मुलखात अक्कल म्हणून आहे ती आपल्याच टाळक्यात, असं तो उघड म्हणे.

मग एका बाजारी अणदूरचा गोरोबा मेंढा घेऊन आला. रुंद पाठ, वळलेली शिंगं, डोळ्यांत मस्ती. असला मेंढा लिंबाजी जन्मभर शोधत होता. पाच मेंढ्यांवर अदलाबदल ठरली. मध्यस्थ होता व्यापारी वजीर. त्यानं पहिल्या मेंढीचा कान धरला आणि थांबला.

"लिंबाजीबाबा, ही तर तुमच्या सुनंची."

"आरं, म्याच कातरलाय त्यो कान!"

"व्हय. आन् आमाला बजावलंयबी तुमीच."

गोरोबानं मेंढ्याची दोरी स्वतःकडं ओढून घेतली. लिंबाजीनं वजीरला शिव्या दिल्या, गोरोबाच्या सात पिढ्या काढल्या. कुणी हललं नाही. सिदू आणि जगदेवी बाजाराच्या कोपऱ्यात लोकर विकत बसली होती. शेवटी त्यांना बोलवावं लागलं.

जगदेवी पदर सावरत आली. "सांग ह्यास्नी," लिंबाजी दुसरीकडं बघत गुरगुरला. "हो म्हन."

"मालकास्नी इचारते," ती म्हणाली.

सगळा बाजार सिदूकडं वळला. आता लेक बापावर उट्टं काढणार म्हणून माणसं पुढं सरकली. सिदू मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"आबांनी आजवर कधी काय मागितलंय व्हय? द्या की! गोरोबाकाका, पाच कशाला, सात न्या."

"पाच," जगदेवी म्हणाली. "आन् मामंजी, मेंढ्याचा कान म्या कातरनार. डावा."

लिंबाजीनं गुडघे टेकले आणि मेंढ्याचं डोकं स्वतः धरून ठेवलं. सुनेची कातर सरळ चालली. आता ती मेंढरं उधळायची कुणाची छाती नव्हती, लेकाची नाही आणि बापाचीही नाही.

संध्याकाळी मेंढरं वाड्यात कोंडताना एक बोळकी म्हातारी मेंढी मागं रेंगाळली. उजव्या कानाला चीर असलेली ती शेवटचीच उरली होती. सिदूनं तिला उचलून आणून बापाच्या पायाशी ठेवलं.

"आबा, ही तेवढी तुमची," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. लिंबाजीनं तो लई शोधला.