डाव्या हाताचा कोयता

माझ्याकडे सव्वीस सुऱ्या आणि कोयते होते. रोह्याशेजारी वरशात घर बांधलं तेव्हा एका भिंतीवर फळी ठोकून घेतली आणि सगळे त्यावर मांडले. प्रत्येकाची लांबी पट्टीने मोजली, वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं. अडकित्ता मात्र मी ठेवत नाही; तो सुरीत मोडत नाही.

मधोमध बाबांचा कोयता होता. पेणजवळच्या गावच्या घरी तो गंजत पडला होता. बाबा गेल्यावर सगळ्यांना विचारूनच मी तो आणला, घासला, धार लावली. गेल्या उन्हाळ्यात थोरला भाऊ तो मागायला आला. कंपनीतून निवृत्त होऊन त्याने शेती पुन्हा सुरू केली होती. भाताची रोपं करायच्या जागी राब भाजायचा, त्यासाठी फांद्या तोडायच्या होत्या.

"बाजारात काय कोयते कमी हायेत?" मी म्हणालो. "हा नाय मिळायचा, दादा."

मी ठरवूनच बसलो होतो. बाकीचे पंचवीस गेले तरी चाललं असतं.

चहा ठेवताना बायको म्हणाली, "भाऊजी, किडनी मागा. ती देतील."

दादा हसला. "बरं, नको देऊस. परसातल्या पेरूची एक फांदी तोडून दाव, म्हंजे मी उठतो."

मी घाव घातले. पातं लाकडात शिरेना, बाहेरच घसरत राहिलं. आमच्याकडे धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. म्हणून कोयता मी पायरीवर ठेवला. दादाने तो डाव्या हाताने उचलला आणि एका घावात फांदी खाली.

"बाबा डावरे, मी डावरा," तो म्हणाला. "लोहाराकडनं मुद्दाम एकाच अंगाला धार काढून घेतलेली हाय. बाजारातला माझ्या हातात उलटा पडतो."

बाबा डावखुरे होते हे मला माहीत होतं. लांबी सदतीस सेंटीमीटर, वजन सहाशे वीस ग्रॅम, हेही माहीत होतं. धार एकाच अंगाला का, हे मात्र ती लावतानाही मनात आलं नव्हतं. जे मोजता येतं ते मी नीट सांभाळतो, आणि सांभाळलं म्हणजे ते माझंच, असं धरून चालतो. सुऱ्या जमवताना स्वतःबद्दल मला कळलं ते एवढंच.

दादाने कोयता परत पायरीवर ठेवला, माझ्यासमोर. आता उचलायचा मी.

मी नाही उचलला.

"अहो, उचला कुणीतरी!" बायको ओरडली. "पाय कापेल कुणाचा."

"दादा उचलंल," मी म्हणालो.

"नक्की?" दादाने विचारलं. "मागनं फोन नको हां."

"नाय करणार."

त्याने तो जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि पेणची एसटी पकडली. फोन करावासा वाटला, खोटं कशाला सांगू. केला नाही.