सत्यभामाकाकूंनी नाव घेतलं

दिघोरीत आमच्या शेजारी सत्यभामाकाकू राहतात. धान रोवणाऱ्या बायांची टोळी त्याच नेतात. बांधावरून त्यांनी हाक दिली की पलीकडच्या शिवारातले बैलही थबकतात. पण एवढ्या मोठ्या गळ्यातून नवऱ्याचं नाव कधी निघालं नाही. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांच्या आईने लग्नात सांगितलं होतं आणि काकूंनी ते मनाशी पक्कं धरलं. घनश्यामकाका त्यांच्यासाठी ‘प्रवीणचे बाबा’. काकाही काही कमी नाहीत. बायकोला ते ‘अवं, आयकलं का’ अशी हाक मारतात आणि गल्लीतल्या निम्म्या बाया वळून बघतात.

घरी गॅस घ्यायचा होता तेव्हा एजन्सीच्या माणसाने काकूंना नवऱ्याचं नाव विचारलं. काका शेतावर होते. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बासरीवाल्याकडे बोट दाखवलं. त्या शहाण्याने ‘कृष्णराव’ लिहून घेतलं. माझ्या सासऱ्यांचं नाव कृष्णराव, आडनाव काकांचंच, त्यामुळे काकूंचा सिलेंडर थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

“एक डाव तोंडानं सांगतलं असतं तं काय झालं असतं व?” काका म्हणाले.

“तुमाले काही झालं असतं मंग?” काकूंनी विचारलं, आणि विषय तिथेच मिटला.

यंदा रोवणं आटोपल्यावर टोळीने नागपूरकडच्या मोठ्या पार्कात सहल काढली. मीही गेले आणि हौसेने काही नवरेही आले. तिथे एक लोखंडी रोलर कोस्टर होता. साखळीने हळूहळू वर चढणारा नव्हे. ती गाडी उभ्या जागेवरून चुंबकाच्या जोराने एकदम सुटते, सरळ आभाळाकडे चढते आणि तिथून पाठमोरी खाली येते. बसमध्ये काका सारखे ‘मी तं दोनदा बसीन’ म्हणत होते. गाडी सुटताना पाहिली मात्र, आणि त्यांनी सगळ्यांच्या चपला राखायचं काम अंगावर घेतलं. हा माणूस गावच्या मंडईच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यातही कधी बसला नाही, हे काकूंनी सगळ्यांना ऐकवलं आणि स्वतः पदर खोचून गाडीत जाऊन बसल्या. मी त्यांच्या शेजारी.

“अपेक्षा, हे काहून थांबून राहिली व?” काकूंनी विचारलं आणि त्याच क्षणी गाडी सुटली.

शेजारून बांधावरची ती हाक आली, पूर्ण दमाची. “घनश्याम! अरे घनश्याम!”

इतक्या वर्षांनी नाव घेतलं तेही ‘अहो’ नाही, सरळ ‘अरे’!

गाडी वर टोकाला अडखळली आणि उलटी निघाली. आम्ही सगळ्या किंचाळत होतो, काकू मात्र गप्प झाल्या. रोवणारी बाई जन्मभर चिखलात मागे मागेच सरकत असते, पाठमोरं जाण्याचं तिला काय भय! पण जीव थाऱ्यावर आला तशी आपण काय ओरडलो याची त्यांना आठवण झाली. उतरल्या त्या रडतच.

खाली कठड्याशी काका उभे होते. चेहरा असा, जणू आत्ताच वरात निघाली आहे. “आयकलं मी! सारं आयकलं!”

“काय करून बसली व मी माय! तुमचं आयुष्य घटवलं!”

काकांचा चेहरा उतरला. बायांनी काकूंची समजूत घातली. मी तर चिडलेच, असं काही नसतं म्हणून जरा जोरातच बोलले. पण ती भीती लग्नाइतकी जुनी होती, माझ्या बोलण्याने काय जाणार? काकूंचं रडणं थांबेना आणि ते बघून मलाही रडू आलं.

काकांनी चपलांचा ढीग माझ्याकडे सोपवला आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

“नोका जाऊ!” काकू ओरडल्या. “आजच नाव घेतलं अन् आजच तुमी त्याच्यात बसून राहिले?”

काकांनी ऐकलं नाही. पुढच्याच बाकावर बसले, डोळे घट्ट मिटून. गाडी सुटली आणि ज्या माणसाचा आवाज गल्लीपलीकडे कधी गेला नाही, तो सगळ्या पार्काला ऐकू आला.

“सत्यभामा! अवं सत्यभामा!”

काका परतले. कसेबसे चपलांच्या ढिगाशी येऊन बसले.

“घे,” ते म्हणाले. “तुयंबी आयुष्य घटवलं. आता बरोबरी झाली. दोघंबी संगंच जाऊ.”

बायकोच्या नावाचा असा काही नियम मी कधी ऐकला नव्हता. काकांनी तो तिथल्या तिथे काढला होता. काकूंनी पदराने डोळे पुसले, नवऱ्याच्या पायांपुढे त्याच्या चपला सरळ करून ठेवल्या आणि अगदी हळू, आम्हाला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या,

“तं मंग उठ, घनश्याम. डबा खाऊन घे.”