पुटकुळ्या बाळाच्या गालावर आणि पथ्य मला

डॉक्टरीणबाईंनी बाळाला खिडकीपाशी उजेडात धरलं, गालावरून उलट्या बोटानं हात फिरवला आणि म्हणाल्या, "निओनेटल अ‍ॅक्ने. म्हणजे नवजात बाळाची मुरमं. याला काही करायचं नसतं. पण तुम्ही काय काय केलंत, ते आधी सांगा."

मलकापूरहून कराडात येईपर्यंत रिक्षात अखंड बोलणाऱ्या आई आणि सासूबाई आता माझ्याकडे बघेनात. एकीनं पंख्याकडे बघितलं, दुसरीनं स्वतःच्या पिशवीत. मग सगळं मीच सांगितलं.

हे मी रागानं लिहिते आहे. राग कमी होईल म्हणून दोन महिने थांबले, झाला नाही. तुमच्या घरात तान्हं बाळ असेल आणि त्याच्या तोंडावर पुरळ आलं असेल, तर माझ्या रागाचा तुम्हाला काही उपयोग व्हावा.

बाळंतपण पहिलं, म्हणून मी माहेरी मलकापुरात होते. मुलगी अठरा दिवसांची असताना तिच्या कपाळावर चार लाल ठिपके दिसले. दोन दिवसांत दोन्ही गाल भरले. मध्ये पांढरं टोक, भोवती लाली. ताप नव्हता, रडणं नव्हतं. ती मजेत दूध पीत होती आणि झोपत होती. त्रास तिला नव्हताच, घराला होता.

बाळाला न्हाऊ घालायला हौसाक्का यायच्या. साठी ओलांडलेल्या, हात मऊ, तोंड फटकळ. शाळेची पायरी न चढलेल्या. त्यांनी बाळाला पायांवर घेतलं, तोंड न्याहाळलं आणि आईला म्हणाल्या, "वैनी, ही बाळमुरमं हायती. लय लेकरांस्नी येत्यात. म्या तोंडाला त्याल लावत न्हाई, तुमीबी काय लावू नगा. आपसूक जात्यात."

झालं होतं की निदान! फुकटात, घरबसल्या, पहिल्याच दिवशी. पण न्हाऊ घालणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? मीही ऐकलं नाही. मी बीएस्सी बीएड. आठवी-नववीला विज्ञान शिकवते.

मग बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या बायकांची रांग लागली. प्रत्येकीनं बाळाच्या आधी माझ्या ताटाकडे पाहिलं. तिखट खाल्लंस का? मेथीचे लाडू किती खाल्लेस? डिंक बाधला असेल. गरोदरपणी आंबे खाल्ले असतील. पुरळ मुलीच्या गालावर आणि जबानी माझी! बाळाच्या तोंडावर काहीही उगवलं की त्याचं मूळ आईच्या तोंडात शोधायचं, ही कुठली पद्धत? बापानं काय खाल्लं, हे एकीनंही विचारलं नाही.

त्यातल्या एका शेजारणीनं कमालच केली. म्हणाली, "दूध बाधतंय का बघायचं आसंल तर वाटीत काढा आन् मुंगी सोडा. मेली तर दुधात उष्णता हाय." मी वाटीत दूध काढून दिलं. आईनं ओट्यावरची काळी मुंगी उचलून त्यात टाकली. मुंगीनं थोडी धडपड केली आणि ती मेली.

वाटीभर दुधात टाकलेली मुंगी बुडून मरणार नाही तर काय पोहून काठाला येणार? पाण्यात टाकली असती तरी मेली असती. हा प्रश्न मी वर्गात मुलांना घातला असता, तर शेवटच्या बाकावरच्या मुलानंही उत्तर दिलं असतं. मी मात्र बाजेवर बसून बघत राहिले आणि रडले. माझं दूध माझ्या लेकीला बाधतंय, हे मला खरं वाटलं. बाळंतिणीला काय काय खरं वाटू शकतं, हे बाळंतिणीलाच ठाऊक.

त्या दिवसापासून मला पथ्य लागलं. दुपारी भात आणि मुगाचं बिनफोडणीचं वरण, संध्याकाळी पुन्हा तेच. लाडूंचा डबा फडताळात वर गेला. मुलीला अंगावर दिवसातून दोनदाच घ्यायचं ठरलं. बाकीच्या वेळी गाईचं दूध, निम्मं पाणी घालून, वाटी-चमच्यानं. आणि हौसाक्कांच्या हाताचाही दोष असेल, म्हणून आईनं त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

हौसाक्कांनी पदर खोचला, पाट भिंतीला लावला. दारातून म्हणाल्या, "माझं येणं बंद करा, न्हाई म्हणत न्हाई मी. पर पोरीचं दूध बंद करू नगा."

आईनं दार लोटलं. मी लोटू दिलं.

पंचविसाव्या दिवशी सासूबाई मेढ्याहून नात बघायला आल्या. नवरा फौजेत, सीमेवर. त्याची रजा बारशाला जुळवलेली, सव्वा महिन्यानं. तोवर व्हिडिओ कॉल. "पोरगं पहिल्यांदा लेकीचं तोंड नीट बघणार आन् ते आसलं?" असं म्हणत सासूबाईंनी पिशवीतून एक ट्यूब काढली. नवरा मागच्या सुट्टीत ट्रंकेत ठेवून गेलेली. ओल्या बुटांनी आणि घामानं जवानांना जांघेत खाज येते, त्यावरची. "त्याला दोन दिवसांत गुण आला हुता," त्या म्हणाल्या.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहिते. ती ट्यूब सासूबाईंनी लावली नाही. आईनं लावली नाही. माझ्याच बोटावर घेऊन मी लावली. जांघेतल्या खाजेचं औषध, पंचवीस दिवसांच्या लेकराच्या गालाला. तीन दिवस, दोन वेळा.

आणि गुण आला! गाल स्वच्छ. नवऱ्यानं फोनवर लेक बघितली, डोळे पुसले. घरात ट्यूबचं कौतुक झालं. मी लावणं थांबवलं आणि चौथ्या दिवशी पुरळ दुप्पट उठलं. गाल लालभडक, हनुवटीपर्यंत. शिवाय मुलीला पातळ शी व्हायला लागली होती आणि ती किरकिर करायची. तेव्हा कुठे आम्ही दवाखान्यात गेलो.

मी मुंगीपर्यंत आले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ट्यूब हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. "यात स्टेरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "सूज आणि लाली दाबून टाकणारं औषध. कातडी पातळ करतं, आणि बाळाची कातडी आधीच पातळ, त्यामुळे ते अंगात मुरतं. थांबवलं की दाबलेलं सगळं उसळून येतं. ही आजच कचऱ्यात टाका."

मग त्यांनी मुलीला काट्यावर ठेवलं. जन्मताना दोन किलो नऊशे होती. महिन्याची झाली तरी तीन किलो शंभरच. डॉक्टरीणबाईंचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला.

"मुरमांनी कुठलं बाळ दगावत नाही. पाणी घातलेल्या दुधावर ठेवलेलं बाळ दगावू शकतं. आईचं दूध आटायला लागलंय, ते आधी परत आणायचंय. गालांकडे बघायचंसुद्धा नाही."

कारण त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. पोटात असताना आईची हार्मोन्स बाळाच्या रक्तात जातात. त्यांच्यामुळे बाळाच्या कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी जोरात काम करतात. जन्मानंतर काही आठवडे हा जोर टिकतो, मग ओसरतो. कातडीवरचा एक साधा बुरशीसारखा जंतूही कधी कधी भर घालतो. तिखटाचा, लाडवांचा, दुधाच्या उष्णतेचा काही संबंध नाही. हार्मोन्स म्हणजे संप्रेरकं. हा धडा मी दर वर्षी शिकवते, आकृतीसकट. त्या खुर्चीत बसून मला माझाच राग आला, आणि तो सगळ्यात मोठा होता.

करायचं काय, तर दिवसातून एकदा कोमट पाण्यानं तोंड धुवायचं, मऊ फडक्यानं टिपायचं. चोळायचं नाही, फोडायचं नाही. तोंडाला तेल, साय, डाळीचं पीठ, हळद, पावडर काही नाही. बाळाला ताप आला, ते दूध ओढेनासं झालं, पाण्याचे फोड आले, पिवळी खपली धरली किंवा पुरळ अंगभर पसरलं, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे. दीड-दोन महिन्यांनंतर नव्यानं सुरू झालं किंवा महिनोन् महिने राहिलं, तरी दाखवायचं. बाकी वाट बघायची.

परतीच्या रिक्षात आईनं माझा हात धरला होता. घरी आल्यावर तिनं स्टूल घेतलं आणि फडताळातून लाडूंचा डबा खाली काढला. मी दर दोन तासांनी मुलीला अंगावर घ्यायला लागले. पहिले दोन दिवस ती ओढायची, काही मिळायचं नाही, चिडून पाठ ताणायची आणि आम्ही दोघी रडायचो. वरचं दूध डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मापानं द्यायचं, तेही रोज कमी करत.

तिसऱ्या दिवशी मी हौसाक्कांच्या घरी गेले. त्या अंगणात शेंगा फोडत होत्या. चुकलं म्हणायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"दूध आलं का?"

"थोडं थोडं येतंय."

"पाठ शेकाया लागंल तुजी. उद्या येते," त्या म्हणाल्या आणि मला सोलायला मूठभर शेंगा दिल्या.

बारशाला नवरा आला. मुलगी त्या दिवशी तीन किलो तीनशे होती आणि गाल अजून पुरळानं भरलेले होते. हौसाक्कांनीच तिला न्हाऊ घालून पाळण्यात ठेवली. मुंगीवाली शेजारीण पाळण्यात वाकून म्हणाली, "अगं बया, हे काय अजून?" मी उत्तर द्यायला वळले, तोच सासूबाई मध्ये आल्या. "आवं, बाळमुरमं हायती ती. जात्यात आपसूक. तुमी हात नका लावू." नवऱ्यानं लेकीचे पुरळासकट चाळीस फोटो काढले.

ती मुरमं नक्की कोणत्या दिवशी गेली, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. तिसरा महिना भरायच्या आत कधीतरी गेली. ज्यांच्यासाठी माझं ताट रिकामं केलं, हौसाक्कांना दारातून परत पाठवलं आणि एक मुंगी मारली, ती गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. दूध कधी परत आलं ते मात्र मला पक्कं आठवतं. मंगळवार होता, दुपारचे चार. मुलगी पाळण्यात झोपेत नुसती कुरकुरली आणि माझं पोलकं भिजलं.