फुलाबाईनं कार्निवाल राखला

सोलापुरातल्या आमच्या भवानी पेठेत फुलाबाई राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात सगळा बोळ तिला हसू लागला. हसणाऱ्यांचा पुढारी अर्थात मी, निंगप्पा चुरमुरेवाला. हसण्याचं कारण असं की बाई रस्त्यानं चालायची ती पोरांच्या मागून. आमच्याकडं आई पुढं आणि पोरं पदराला लोंबकळत मागं. हिचं उलटं. चार पोरं पुढं, ही मागं, आणि हातात काठी नसली तरी हात काठी धरल्यासारखा.

"फुलाबाई, बाजाराला निघाला की चरायला?" मी दुकानातून विचारायचो.

ती न थांबता म्हणायची, "तुमच्या दुकानाम्होरं चरन्यासारकं हाय काय, अण्णा? निस्तं फोलपाट!"

सांगोल्याकडच्या धनगराची ही लेक. लहानपणापासून मेंढरांच्या मागं पाच जिल्हे हिंडलेली. नवरा बिरप्पा गिरणीत लागला म्हणून शहरात आली आणि आल्या आल्या थोरल्या मायाक्काला मुलींच्या शाळेत घातलं. पाठोपाठ ज्ञानबाला मुलांच्या शाळेत. खालचा धोंडी अजून नागडाच फिरायचा आणि धाकटी गोजा कडेवर असायची. पोरगी शाळेतून येऊन फरशीवर खडूनं 'कमळ' लिहायची, तर फुलाबाई त्या अक्षरांवर चार दिवस पोतेरं फिरवू द्यायची नाही. घरात येणाऱ्याला उडी मारून यावं लागे. मीही मारली आहे. पोट सुटलेल्या माणसाला ते शोभत नाही.

छत्तीस सालच्या चैत्रात तिची सासू केराबाई बैलगाडी घेऊन आली. खांद्यावर घोंगडं, नाकात एवढी मोठी नथ, आणि आवाज असा की आमच्या घरातली भांडी वाजावीत. आली ती सुनेला आणि नातवंडांना गावी घेऊन जायलाच. त्यात नेमका धोंडी मंगळवार बाजारात हरवला होता आणि एका तेल्याच्या दुकानात गूळ खात बसलेला सापडला होता. ही बातमी म्हातारीला कोणी दिली ते मला माहीत नाही. माझ्याकडं बघू नका.

"शेहर पोरं गिळतंय," केराबाई अंगणात बसून साऱ्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणाली. "मायाक्का मेंढरामागं जायच्या वयाची झाली. साळा शिकून काय मेंढरास्नी पाडे म्हनून दाखवायचे? उद्या गाडी जुपा."

बिरप्पा आईकडं बघून मान हलवी आणि बायकोकडं बघून मान हलवी. दोन्ही वेळा एकाच दिशेनं हलवी, म्हणून कोणालाच काही कळत नसे.

फुलाबाई भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही. "आत्याबाई, गावाभायेर त्यो कार्निवाल आलाय. सारं सोलापूर तितं लोटतंय. मी चारी पोरास्नी न्हेते आन मागारी आनते. येक जरी पोर नजरंआड झालं, तर उद्या मीच गाडीत बसते. न्हाय झालं, तर पोरं हितं ऱ्हातील आन साळंत जातील. बोला."

म्हातारी हसली. "मी संगं येनार."

"या की."

बिरप्पाची दुपारपाळी होती. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अण्णा, तुमी बी जावा. जरा लक्ष ठिवा." मी निघालोच होतो. तमाशा पाहायला मला आमंत्रण लागत नाही.

दुपार कलल्यावर फुलाबाईनं वाटीत गेरू कालवला. मायाक्काच्या परकरपोलक्यावर पाठीमागून एक मोठा ठिपका. ज्ञानबाच्या सदऱ्यावर एक. धोंडीला त्या दिवशी पहिल्यांदा सदरा घातला, तोही ठिपक्यासाठीच. गोजाच्या कुंचीवरसुद्धा ठिपका. मेंढरांच्या पाठीवर करतात तसा. बोळातल्या बायका पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या.

मी म्हणालो, "फुलाबाई, लोकरीची कातरणी कधी?"

तिनं माझ्या धुतलेल्या अंगरख्यावर, पाठीच्या मधोमध, पंजा उमटवला. "तुमी बी ह्या खांडात, कळपात. तुमीच पयले पळाल."

मग वाटी घेऊन सासूसमोर गेली. केराबाईनं घोंगडं आवळलं. "मी काय मेंढी हाय व्हय गं? सारी उमर राखन्यात गेली माजी!" तिनं ठिपका लावू दिला नाही.

मैदानात पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं, पण जमीन अजून तव्यासारखी. कार्निवालवाल्यांनी स्वतःचं विजेचं इंजिन आणलं होतं. त्यावर रंगीत दिवे लागले आणि लोकांनी एकदम 'हॉऽ' केलं. एका बाजूला लाकडी घोड्यांचं चक्र, एका बाजूला माणूस जाड-बारीक दाखवणारे आरसे, मध्ये ताडासारखा उंच पाळणा. बँड वाजत होता. तेलुगू, कानडी, मराठी, दखनी, सगळ्या भाषांत पोरं रडत होती.

फुलाबाईनं खांड लावलं. मायाक्का पुढं, तिच्या मागं ज्ञानबा, मग धोंडी, आणि सगळ्यांच्या मागं गोजाला कडेवर घेऊन ती स्वतः. गर्दी आली की ती पोरांना हाक मारीत नसे; नुसती डावीकडं सरकली की पोरं उजवीकडं वळत. असं तिनं त्यांना गारेगार खायला घातलं, घोड्यांवर बसवलं, आरशात दाखवलं. धोंडी आरशातल्या लांबलचक धोंडीला घाबरून बोंबलला, तर तिनं त्याला तिथंच उभं केलं. "रड. पन हितं उभा ऱ्हाऊन रड."

मी मात्र दोनदा सटकलो. एकदा बंदुकीनं फुगे फोडायला आणि एकदा सोडा प्यायला. दोन्ही वेळा अंगरख्याला मागून हिसका बसला.

"अण्णा, वळा!"

"अगं, मी मोठा माणूस आहे!"

"ठिपका हाय न्हवं? वळा!"

दुसऱ्या हिसक्यानंतर तिनं पुन्हा सगळ्यांवर नजर फिरवली आणि जागीच थबकली.

"आत्याबाई कुटं हायती?"

केराबाई नव्हती. घोड्यांपाशी होती, आरशापाशी होती, आता नव्हती. मी जरा उंच होऊन पाहिलं: नुसते फेटे, टोप्या आणि पदर.

खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. मी तिच्या कानाशी गेलो. "फुलाबाई, पैज पोरांची होती. चारी पोरं समोर आहेत. सरळ घरी चला. म्हातारी येईल आपली विचारत विचारत, आणि मग तोंड उघडायची सोय राहणार नाही तिला."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की सोडा घशात आला. "म्हातारं जनावर मागं ऱ्हायलं तर टाकून जात्यात व्हय? तिला मराठीबिगर कायबी येत न्हाय. इंजिनाला भेती. लांडगा बी परवडला, पन इंजिन नगं म्हनती."

"मग पोरं माझ्यापाशी ठेवा आणि शोधून या."

"तुमच्यापाशी?" एवढ्या काळजीतही बाईला हसू आलं. "पोरं माज्या नजरंआड हुनार न्हाईत. आन म्हातारी घेतल्याबिगर मी जानार न्हाय."

दोन्ही कसं जमणार, हे विचारायला मी तोंड उघडलं, तोवर ती घोड्यांच्या चक्रापाशी पोचली होती, खांडासकट. चक्रवाल्याला म्हणाली, "दादा, ह्ये थांबवा." तो म्हणाला, "खेळ संपल्यावर." ती म्हणाली, "आत्ता." त्यानं थांबवलं. पोरांना तिनं लाकडी घोड्यांवर चढवलं, स्वतः मधल्या फळीवर उभी राहिली, गोजाला मायाक्काच्या मांडीवर दिलं, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि माळावर मेंढरांना मारतात ती हाक मारली.

"हुर्रर्र हैऽऽऽ! हुर्रर्र हैऽऽऽ!"

बँड बंद पडला. बँडवाल्यांना वाटलं असावं, कार्निवालात वाघ सुटला. हजार माणसं माना वळवून उभी. मला जमिनीत जावंसं वाटलं, आणि पाठीवर तो लाल पंजा!

फुलाबाईनं तिसऱ्यांदा हाक मारली आणि उत्तर आलं. आभाळातून आलं.

"हुर्रर्र हैऽऽ! हितं हाय गंऽऽ!"

उंच पाळण्याच्या अगदी टोकाच्या पेटीत, दांडा दोन्ही हातांनी कवटाळून, नथ गालावर आडवी, केराबाई बसली होती. खालच्या पेट्यांत माणसं भरायला पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला होता आणि म्हातारी वर दिव्यांच्या रांगेत टांगलेली.

तिला खाली उतरवलं. फुलाबाईनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या.

"आत्याबाई, तितं कशापायी चढलासा?"

"अगं, गर्दीत खांड दिसंना की टेकाडावर चढायचं, ह्ये काय मला आता शिकवतीस?" म्हातारी दम खात म्हणाली. "हितं टेकाड न्हाय. म्हनलं ह्येच्यावर बसून पोरांवर नजर ठिवावी. तुजं येक पोर हुकलं की धरायची तुला. ह्ये टेकाड फिरतंय ह्ये मला कुनी सांगितलं?"

"मग हुकलं का?"

केराबाईनं नथ सरळ केली. "वरनं चारी ठिपके दिसत हुते. कोंडाळं करून. कुटं बी गेलं तरी चारी येका जागी." मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "त्यो मोठा ठिपका तेवढा सारका भटकत हुता."

रात्र पडल्यावर आम्ही पेठेत परतलो. बिरप्पाची पाळी सुटायची होती, म्हणून पाळण्याची कथा बोळाला मीच सांगितली, थोडी तिखट लावून. केराबाईनं मला अंगणातून चार शिव्या दिल्या. त्यातली एक नवीन होती.

सकाळी गाडी जुंपली. बिरप्पा दोघींकडं आळीपाळीनं पाहत मान हलवत होता. केराबाईनं आपलं एकटीचं गाठोडं गाडीत टाकलं, घोंगडं पसरलं आणि बैलांकडं बघत विचारलं, "साळंला सुट्टी कवा आसती?"

"वैशाखात," फुलाबाई म्हणाली.

"तवा पोरं धाड."

"धाडनार न्हाय. मी घिऊन येईन. आन मीच मागारी आनीन."

गाडीवान कासरा धरून थांबला होता. म्हातारीनं सुनेकडं नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"आनशील," ती म्हणाली. "चल रं, हाक गाडी."