मालकाचं सोंग

आमच्या बायकांच्या दूध संस्थेच्या सभेत एक नाटुकलं करायचं ठरलं. दुष्काळाचं वरीस, दूध आटलेलं, कॅन उपडे पडलेले; पण बायकांची हौस दांडगी. ऊसतोडीला जाणाऱ्या नवऱ्याचं सोंग माझ्या गळ्यात पडलं. का, तर माझी उंची अन् माझा आवाज. शिवाय माझ्या मालकाचा सदरा-पायजमा घरात आयता होता, घालणारा राहिला नव्हता.

आधीच्या दुष्काळात सासूबाई अंथरुणाला खिळल्या, म्हणून मी मागं राहिले अन् मालक टोळीबरोबर एकटेच गेले. उसाच्या फडावरून परत आली ती बॉडीच. ट्रॅक्टर उलटला होता. मागोमाग सासूबाईही गेल्या. संध्याकाळी घर खायला उठायचं, म्हणून तर मी तालमीला जायची.

रडायचं तेवढं रडून झालं होतं, पण एक राग काही जाईना. जाताना या माणसानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. दारापुढच्या लिंबाखाली थांबले, वाकले, चपलेचा अंगठा नीट केला अन् चालते झाले. बायकोपेक्षा चप्पल प्यारी!

तालमीत तोच राग काढला. मिशीला पीळ, छाती पुढं, लांब लांब ढांगा. बायका हसून लोळायच्या. नाटक बसवणारे मास्तर म्हणाले, "हसवता लई भारी. पन ह्यो मानूस आतून कसा हाय, ते दिसंना."

"आतून काय असायचं? दगूड हाय निस्ता."

दुसऱ्या दिवशी मी ते चपलेसाठी वाकणं नाटकात घातलं. पायात मालकाच्याच चपला, सामानाबरोबर परत आलेल्या. मागं बायको झालेली शेजारीण उभी. मी वाकले, अंगठ्याला हात लावला. अंगठा धड होता. मग मी तिथं करत काय होते? उठवेना. कान सगळे मागं लागलेले. ती हाक मारील म्हणून मी वाट बघत होते! अगं बाई, तेही हाकेचीच वाट बघत होते. अन् मी? निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, म्हणून तोंडात पदर कोंबून गप्प उभी राहिलेली. त्या दिवशी तालीम सोडून मी घरी निघून आले.

सभेच्या दिवशी शेजारणीला म्हटलं, "मी वाकले की हाक मार."

"बया! मागून हाक मारत असत्यात व्हय?"

"मार म्हंते ना."

तिनं मारली. "अवो, ऐका की!"

मी वळले. ती दारात उभी होती, तोंडाशी पदर, डोळे माझ्याकडं. त्यांना मी अशी दिसले असते. एवढंच बघायचं होतं त्यांना, दुसरं काही नाही. नाटकात पुढं मला निघून जायचं होतं. मास्तर पडद्याआडून खुणा करत होते, जा, जा. माझा पाय काही उचलेना.

"न्हाई जात मी," मी म्हटलं.